पदकाविना विजेता : हिरोनोशिन फुरुहाशी

१९४८ सालचा ऑगस्ट महिना आपल्या देशाच्या क्रीडा-इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. स्वातंत्र्याला अद्याप वर्षही पुरे झाले नव्हते. १२ ऑगस्ट रोजी लंडनमधील वेम्बलीच्या मैदानावर भारताच्या हॉकी संघाने यजमान ब्रिटनचा चार विरुद्ध शून्य गोलांनी पराभव केला आणि स्वतंत्र भारताचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. त्या विजयी चमूत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ अशी आपल्या कानांना परिचित असलेली नावे होती. ज्यांच्यावर कालपर्यंत राज्य झाले, त्यांनी राज्यकर्त्यांच्याच राजधानीत आपला ध्वज उंचावला. त्या विजयाची थोरवी सांगावी तेवढी थोडीच!

परंतु त्याच पंधरवड्यात, लंडनपासून हजारो मैल दूर असलेल्या टोकियो शहरात एक आगळी शर्यत पार पडली. तिची नोंद ऑलिंपिकच्या बखरीत नाही. तिच्या विजेत्याला लंडनचे निमंत्रण नव्हते. कारण तो जपानी होता, आणि महायुद्धात पराभूत झालेल्या जपान व जर्मनी या दोन्ही राष्ट्रांना त्या वर्षीच्या ऑलिंपिकचे दार बंद होते. त्या जलतरणपटूचे नाव हिरोनोशिन फुरुहाशी. त्याचे वय तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. आपल्या क्रीडाजीवनात ऑलिंपिकचे एकही पदक न मिळवलेल्या या माणसाची कहाणी इतिहासाच्या अभ्यासकाला अंतर्मुख करणारी आहे. पराभूत राष्ट्राच्या अपराधाचे माप त्या राष्ट्रातील तरुण पिढीच्या पदरात किती आणि कसे घालावे, हा अवघड प्रश्न त्या कहाणीच्या मुळाशी आहे.

फुरुहाशीचा जन्म १६ सप्टेंबर १९२८ रोजी जपानच्या शिझुओका प्रांतात, हामाना सरोवराच्या काठी वसलेल्या एका गावात झाला. पाण्याशी त्याचे नाते बालपणीच जुळले. शाळकरी वयातच त्याने आपल्या वयोगटाचे विक्रम केले. तो काळ जपानी जलतरणाच्या वैभवाचा होता. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या सहा जलतरण शर्यतींपैकी पाच शर्यती जपानने जिंकल्या होत्या. १५०० मीटरची शर्यत जिंकणारा कुसुओ कितामुरा तर अवघ्या १४ वर्षांचा होता. १९४० चे ऑलिंपिक टोकियोला भरावयाचे ठरले होते. पण चीनवर लादलेल्या युद्धात गुंतलेल्या जपानने १९३८ मध्ये यजमानपद सोडून दिले. पुढे महायुद्धाच्या वणव्यात ते ऑलिंपिक झालेच नाही.

युद्धाने या मुलाचे पोहणे थांबवले. शाळा-महाविद्यालयांतील मुलांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कामाला जुंपण्यात आले. तेथे काम करीत असताना यंत्रात सापडून त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचे टोक तुटले. पोहणाऱ्याच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. पोहताना पंजा हेच वल्हे असते. बोट तोकडे झाले की पाण्यावरची पकड ढिली होते आणि दोन्ही हातांचा तोल बिघडतो. आपले पोहणे आता संपले, असेच त्या मुलाला वाटले असल्यास नवल नाही.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. जपान शरण आला. टोकियो शहर हवाई हल्ल्यांत बेचिराख झाले होते आणि देशावर अमेरिकन सेनापती मॅकआर्थर यांच्या अधिपत्याखाली दोस्तसैन्याचा अंमल सुरू झाला. निहोन विद्यापीठात शिकणारा फुरुहाशी तेथील जलतरण संघात सामील झाला, तेव्हा देशात अन्नाची विलक्षण टंचाई होती. रेशनवर मिळणारे धान्य पुरे पडत नसे. रताळी व मिळेल ते अन्न खाऊन ही मुले दिवसाकाठी कित्येक किलोमीटर पोहत असत. तोकड्या बोटामुळे बिघडलेला तोल त्याने हातापायांच्या हालचालींचा नवा मेळ बसवून सावरला. पोहण्याच्या पाठ्यपुस्तकातील रेखीव शैली त्याच्यापाशी नव्हती. त्याच्यापाशी होती ती अफाट चिकाटी.

१९४७ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने ४०० मीटर मुक्तशैलीची शर्यत ४ मिनिटे ३८.४ सेकंदांत जिंकली. अमेरिकेच्या बिल स्मिथच्या नावावर असलेल्या जागतिक विक्रमापेक्षा ही वेळ एक दशांश सेकंदाने कमी होती. परंतु आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघात जपानला तेव्हा स्थान नव्हते. त्यामुळे हा विक्रम कोणत्याही अधिकृत पुस्तकात चढला नाही.

पुढच्या वर्षी लंडन ऑलिंपिकचे वेध लागले. जपानच्या जलतरण संघटनेने तेव्हा एक युक्ती योजली. लंडनमध्ये ऑलिंपिकच्या जलतरण शर्यती ज्या दिवसांत होणार, नेमक्या त्याच दिवसांत आपली राष्ट्रीय स्पर्धा टोकियोच्या मेजी तरण तलावात भरवायची, असे तिने ठरवले. आम्हाला येऊ दिले जात नाही, तर निदान घड्याळाच्या साक्षीने आमची तुलना होऊ द्या, असा त्यामागील भाव होता. त्यात कोणाचा उपमर्द नव्हता, आणि कोणापुढे गाऱ्हाणेही नव्हते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे हिरोशिमाच्या संहाराला तीन वर्षे पुरी होत असताना, फुरुहाशी १५०० मीटरच्या शर्यतीत उतरला. त्याने ते अंतर १८ मिनिटे ३७ सेकंदांत कापले. त्याचा सहाध्यायी आणि प्रतिस्पर्धी शिरो हाशिझुमे त्याच्या मागे एका सेकंदाहूनही कमी अंतराने होता. लंडनमध्ये त्याच शर्यतीचे सुवर्णपदक अमेरिकेच्या जेम्स मॅक्लेनने जिंकले. त्याची वेळ होती १९ मिनिटे १८.५ सेकंद. दोन वेळांमधला फरक ४१.५ सेकंदांचा आहे. फुरुहाशीच्या वेगाने हिशेब केला तर तेवढ्या वेळात सुमारे ५६ मीटर अंतर कापले जाते. याचा अर्थ, दोघे एकाच पाण्यात असते तर फुरुहाशीने शर्यत संपवली तेव्हा मॅक्लेनला तलावाची एक संपूर्ण लांबी आणि वर थोडे अंतर पोहायचे राहिले असते. ४०० मीटरमध्येही तेच घडले. फुरुहाशीची वेळ ४ मिनिटे ३३.४ सेकंद, तर लंडनमधील विजेत्या बिल स्मिथची ४ मिनिटे ४१ सेकंद.

जगाने या आकड्यांवर चटकन विश्वास ठेवला नाही. जपान्यांचा तलावच आखूड असेल, त्यांची घड्याळे मंद चालत असतील, अशी कुजबुज परदेशांत झाली. पराभूताच्या खरेपणावरही संशय घेतला जातो, ही रीत जुनीच आहे.

या ठिकाणी दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडली पाहिजे. लंडनची दारे बंद करणाऱ्यांच्या मनात निव्वळ आकस होता असे म्हणता येणार नाही. जपानी सैन्याने चीन, कोरिया, फिलिपाईन्स, मलाया आणि ब्रह्मदेश येथे जे अत्याचार केले, त्यांच्या जखमा ओल्या होत्या. जपानच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांतून जिवंत परतलेले ब्रिटिश सैनिक लंडनच्या रस्त्यांतून हिंडत होते. त्यांच्या डोळ्यांसमोर उगवत्या सूर्याचा ध्वज फडकवणे यजमानांना शक्य नव्हते. पण ज्याला दार बंद झाले तो मुलगा युद्ध सुरू झाले तेव्हा शाळेत होता. युद्धाने त्याच्याकडून बोट घेतले होते, पोहण्याची उमेदीची वर्षे घेतली होती. आता शांतताही त्याच्याकडून काही हिरावून घेत होती. दोन्ही बाजूंना न्यायाचा अंश होता आणि म्हणूनच हा प्रसंग अधिक क्लेशदायक आहे.

१९४९ च्या उन्हाळ्यात जपानला आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघात पुन्हा प्रवेश मिळाला. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय जलतरण स्पर्धेसाठी सहा जपानी तरुण लॉस एंजेलिसला रवाना झाले. त्यांचा देश परकीय सैन्याच्या ताब्यात होता, आणि ते ज्या कॅलिफोर्नियात चालले होते तेथे जपानी माणसाविषयीचा राग धुमसत होता. १९४२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या रहिवाशांना घरेदारे सोडावयास लावून काटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यात आले होते. त्यांपैकी बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. युद्ध संपल्यावर परत आलेल्यांना आपली दुकाने व शेते पुन्हा शून्यातून उभारावी लागत होती.

अशा वेळी या सहा मुलांना आपल्या घरी ठेवून घेतले ते फ्रेड वाडा नावाच्या जपानी वंशाच्या फळे-भाजी व्यापाऱ्याने. युद्धकाळात छावणी टाळण्यासाठी वाडा काही कुटुंबांना घेऊन युटा राज्यातील ओसाड जमिनीवर शेती करावयास गेले होते. युद्धानंतर लॉस एंजेलिसला परतून त्यांनी पुन्हा धंद्यात जम बसवला होता. वाडा पती-पत्नींनी या मुलांना पोटभर जेवू घातले. वर्षानुवर्षे अर्धपोटी पोहलेल्या या मुलांना ते अन्न कसे लागले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१६ ऑगस्ट १९४९ हा स्पर्धेचा पहिला दिवस. तलाव तोच, जेथे १९३२ मध्ये जपानने पाच सुवर्णपदके मिळवली होती. १५०० मीटरच्या शर्यतीत आधीच्या गटात हाशिझुमे उतरला आणि १८ मिनिटे ३५.७ सेकंदांत नवा जागतिक विक्रम करून पाण्याबाहेर आला. नंतरच्या गटात फुरुहाशीची पाळी होती. त्याने १८ मिनिटे १९ सेकंद अशी वेळ नोंदवली! ११ वर्षे अधिकृत मानला गेलेला विक्रम १८ मिनिटे ५८.८ सेकंदांचा होता, आणि तोही एका जपान्याचाच, तोमिकात्सु अमानो याचा. एकाच दिवशी तो जवळजवळ ४० सेकंदांनी मागे पडला. पुढील दिवसांत ४०० व ८०० मीटर या शर्यतीही फुरुहाशीने विक्रमी वेळेत जिंकल्या, आणि सांघिक शर्यतीतही जपानच्या चमूने नवा जागतिक विक्रम केला. या वेळी तलाव अमेरिकेचा होता, घड्याळे अमेरिकेची होती आणि पंचही अमेरिकेचेच होते. मागील वर्षीच्या सर्व शंका विरून गेल्या. वृत्तपत्रांनी त्याला ‘फुजियामाचा उडता मासा’ असे नाव दिले आणि ते त्याला आयुष्यभर चिकटले.

अमेरिकन प्रेक्षकांनी या शत्रूराष्ट्राच्या मुलांना मनापासून दाद दिली, हे नमूद केले पाहिजे. तिकडे जपानमध्ये लोक रेडिओभोवती गोळा झाले होते. चार वर्षे ज्यांनी पराभव, भूक आणि अप्रतिष्ठा यांखेरीज काही ऐकले नव्हते, त्यांना प्रथमच ताठ मानेने उभे राहावेसे वाटले. त्याच वर्षाच्या अखेरीस हिदेकी युकावा या शास्त्रज्ञाला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तलवारीने जे गमावले ते परिश्रमाने आणि ज्ञानाने मिळवता येते, हा धडा त्या राष्ट्राला त्या एका वर्षात दोनदा मिळाला.

१९५० मध्ये जपानी जलतरणपटूंचा चमू ब्राझीलला गेला. तेथे जपानी स्थलांतरितांची मोठी वस्ती होती आणि ती वस्ती आतून दुभंगलेली होती. जपान हरला हे सत्य मानावयास अनेकजण तयारच नव्हते. त्या वादात १९४६-४७ च्या सुमारास वीसहून अधिक माणसांचे खून पडले होते. अशा दुभंगलेल्या समाजापुढे हा चमू गेला. मरिलिया गावातील तेत्सुओ ओकामोतो या तरुणाला त्यांच्याकडून सरावाची नवी दृष्टी मिळाली आणि तो अधिक कठोर परिश्रम करू लागला.

याच दौऱ्याने फुरुहाशीचे मात्र फार मोठे नुकसान केले. त्याला तेथे आमांशाचा विकार जडला. त्या दुखण्याने त्याच्या शरीरातील जोम शोषून घेतला आणि तो पूर्वीच्या ताकदीने पुन्हा कधीच पोहू शकला नाही. मधल्या काळात जपानला जगाच्या क्रीडांगणावर परत आणण्यात आपल्या देशाचाही वाटा होता. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा जपानशी शांतता करार व्हायचा होता. तरीही भारताने जपानी खेळाडूंना सामावून घेतले. त्याच स्पर्धांत सचिन नाग याने १०० मीटर मुक्तशैलीचे सुवर्णपदक भारताला मिळवून दिले, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

अखेर १९५२ साल उजाडले आणि हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानला प्रवेश मिळाला. ज्या दिवसाची फुरुहाशी चार वर्षे वाट पाहत होता तो दिवस आला, पण फार उशिरा आला. ४०० मीटरच्या अंतिम फेरीपर्यंत तो पोहोचला खरा. परंतु त्या फेरीतील आठ जणांत तो आठवा आला. सुवर्णपदक फ्रान्सच्या जाँ ब्वातो याने जिंकले. त्याचे वडील आनंदाच्या भरात अंगावरच्या कपड्यांनिशी तलावात उडी मारून मुलाला बिलगले. एकीकडे तो हर्ष आणि त्याच पाण्यात, काही हातांच्या अंतरावर, सर्वांत शेवटी काठाला लागलेला एक थकलेला विक्रमवीर! जपानला वृत्तान्त ऐकवणाऱ्या रेडिओ निवेदकाने श्रोत्यांना विनवले, की फुरुहाशीला दोष देऊ नका. त्याने केलेली वाटचाल आठवा आणि तो परतेल तेव्हा प्रेमाने त्याचे स्वागत करा. हे सांगताना त्या निवेदकाचा कंठ दाटून आला होता.

त्या ऑलिंपिकमधील १५०० मीटरच्या शर्यतीचा निकाल मात्र विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सुवर्णपदक हवाई बेटांतील फोर्ड कोन्नो याने मिळवले. तो जपानी वंशाचा अमेरिकन होता. रौप्यपदक फुरुहाशीचा जुना सोबती हाशिझुमे याला मिळाले. कांस्यपदक मिळाले ब्राझीलच्या तेत्सुओ ओकामोतोला, आणि जलतरणात ब्राझीलने मिळवलेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होते. तीन वेगवेगळ्या ध्वजांखाली उभी असलेली ही तिन्ही मुले जपानी मातापित्यांच्या वंशातील होती. कोन्नोची विजयी वेळ फुरुहाशीने तीन वर्षांपूर्वी लॉस एंजेलिसला नोंदवलेल्या वेळेपेक्षा सुमारे ११ सेकंदांनी अधिक होती. फुरुहाशीचा तो विक्रम १९५६ च्या मे महिन्यापर्यंत कोणालाही मोडता आला नाही. म्हणजे ज्या चार वर्षांच्या आगेमागे दोन ऑलिंपिक झाली, त्या साऱ्या काळात या अंतरावरील सर्वांत वेगवान पोहणी त्याचीच होती. आणि दोन्ही वेळा पदक दुसऱ्याच्या गळ्यात पडले.

एखाद्याने या निराशेने कडवट होऊन खेळाकडे पाठ फिरवली असती. फुरुहाशी यांनी तसे केले नाही. पुढे ते आपल्याच निहोन विद्यापीठात प्राध्यापक झाले. जपानच्या जलतरण महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी १९८५ पासून दीर्घकाळ सांभाळले. १९९० ते १९९९ या काळात ते जपानच्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते; नागानो येथील १९९८ चे हिवाळी ऑलिंपिक त्यांच्याच कारकिर्दीत भरले. ज्या आंतरराष्ट्रीय महासंघाने एके काळी त्यांचे विक्रम नोंदवून घेतले नाहीत, त्याच महासंघाचे ते अनेक वर्षे उपाध्यक्ष होते. त्यांना आश्रय देणारे फ्रेड वाडा यांनीही पुढे मोठी कामगिरी केली. १९६४ चे ऑलिंपिक टोकियोला मिळावे म्हणून त्यांनी १९५९ मध्ये लॅटिन अमेरिकेतील देशांत हिंडून मते मिळवली.

२००८ मध्ये फुरुहाशी यांना जपानचा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान देण्यात आला. क्रीडाक्षेत्रातील व्यक्तीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच्या पुढच्याच वर्षी, २ ऑगस्ट २००९ रोजी, रोम शहरात त्यांचे निधन झाले. जागतिक जलतरण स्पर्धेसाठी ते तेथे गेले होते आणि तो स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. ज्या पाण्याने त्यांना घडवले त्याच्या सान्निध्यातच त्यांचा अंत झाला.

इतिहास लिहिताना आपण विजेत्यांच्या याद्या चाळतो. याद्या उपयुक्त असतात. पण कोणाला शर्यतीत उतरू दिले आणि कोणाला काठावरच थोपवले, हे त्या सांगत नाहीत. १९४८ च्या यादीत जेम्स मॅक्लेनचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्याने आपली शर्यत प्रामाणिकपणे जिंकली होती. पण त्या नावाच्या शेजारी एक कोरी जागा आहे, हे ज्याला दिसते त्याला इतिहास अधिक खरा दिसतो. आपल्या भोवतालच्या भांडणांतही, मग ती देशादेशांतील असोत की एका बांधावरील दोन घरांमधील, वडिलांच्या अपराधासाठी मुलांना दार बंद करण्याचा मोह आपल्याला होतोच. ते दार कधी ना कधी उघडावे लागते. प्रश्न एवढाच, की आपण ते वेळेवर उघडतो की बाहेर उभ्या असलेल्या मुलाच्या अंगातील बळ संपल्यावर. हेलसिंकीच्या पाण्यात आठवा आलेला तो तरुण जपानी आपल्याला हाच प्रश्न विचारीत आहे.